काठ छिलताना

पाकीट हातात घेतलेला माणूस ते उघडतो, खण मोजतो, चामड्याचा वास घेतो आणि मग किंमत विचारतो. काठाकडे तो मुद्दाम पाहत नाही, पण बोलता बोलता त्याचा अंगठा काठावरून फिरत राहतो, आणि तो काठ फुगीर किंवा गाठाळ लागला तर काय खटकले हे त्याला सांगता न येताही तो पाकीट परत ठेवतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहान गाळ्यात गेली चौदा वर्षे मी चामड्याची पाकिटे, पट्टे आणि खांद्याच्या पिशव्या बनवते आहे, आणि या चौदा वर्षांत शिवणीपेक्षा, रंगापेक्षा, कड्या-बक्कलांपेक्षाही अधिक विचार मी या काठाच्या जाडीचा केला आहे. तो काठ पातळ करणाऱ्या मशीनविषयी, ती निवडताना झालेल्या चुकांविषयी आणि तिच्याबरोबर काम करताना जे कळत गेले त्याविषयी मला सविस्तर लिहायचे होते.

हिशेब साधा आहे. बाहेरचे चामडे १.२ मिलिमीटर जाड आहे असे धरू. कड आत वळवली की ते दुहेरी होऊन २.४ झाले, त्यावर आतल्या खणाचा ०.८ मिलिमीटरचा तुकडा आला की शिवणीखाली ३.२ मिलिमीटरचा थर जमला, आणि पाकीट मिटल्यावर तोच थर पुन्हा दुप्पट. वळवण्याआधी बाहेरची कड छिलून ०.५ वर आणली आणि खणाचा काठ ०.४ वर आणला, तर शिवणीखाली फक्त १.४ मिलिमीटर उरतात. घडी ८ मिलिमीटरची असेल आणि शिवण काठापासून ३ मिलिमीटरवर येणार असेल, तर छिलाई निदान १२ मिलिमीटर रुंद लागते, कारण सुई वरच्या आणि आत वळलेल्या अशा दोन्ही थरांतून जाते आणि ती जिथून जाईल तिथे दोन्ही थर पातळ असावे लागतात. नवीन मुलींना मी हे आधी कागदाची पट्टी दुमडून दाखवते, कारण १२ हा आकडा कुठून आला हे न कळता तो पाठ करणारी मुलगी घडी १० ची झाली की गोंधळते.

कागदोपत्री या कामाला स्कायव्हिंग म्हणतात, कारागिरांच्या तोंडी छिलाई. अख्खे चामडे एकसारखे पातळ करून घेण्याचे काम निराळे आणि त्याची मशीनही निराळी, मोठी. छिलाई फक्त काठाची असते आणि ती नेहमी मांसाकडच्या, म्हणजे कातडीच्या आतल्या बाजूने करायची असते. केसांकडची बाजू घट्ट आणि दिसायला देखणी, पण ती एकटी ताण सोसत नाही. चामड्याचे खरे बळ तिच्या खालच्या, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंमध्ये असते. हे मी वाचून शिकले नाही. एका कार्यालयासाठी चाळीस पाकिटे करताना काठ जितका पातळ तितका चांगला, या समजुतीने मी वळवायची कड ०.३ वर नेली होती. पाकिटे इतकी सुबक दिसत होती की दुकानाच्या काचेमागे ठेवावीत. सहा महिन्यांनी त्यांतली अकरा परत आली, आणि प्रत्येकाची घडी नेमकी कडेच्या रेषेवर उकलली होती. उकललेल्या जागी नख लावून पाहिले तेव्हा वरच्या कागदासारख्या थराखाली काहीच शिल्लक नव्हते. ती अकरा पाकिटे मी बदलून दिली, आणि त्यातले एक आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मशीन येण्याआधी आमच्याकडे छिलाई रापीने, म्हणजे चामडे तासायच्या हातसुरीने होत असे. रापी माझ्या सासऱ्यांची, आप्पांची. जांभळी नाक्याजवळ त्यांनी आयुष्यभर चपला शिवल्या, आणि गुळगुळीत दगडावर चामडे पालथे पसरून, डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरून, उजव्या हाताने रापी जवळजवळ आडवी ठेवून ते काठ तासत तेव्हा चामड्याची लांब, पारदर्शक म्हणावी अशी फीत निघत जाई. मला ते जमायला दोन वर्षे लागली आणि तरीही त्यांच्यासारखे कधी जमले नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसे चामडे रापीखाली कैरीसारखे स्वच्छ कापले जाते; क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले मऊ चामडे मात्र रबरासारखे पळते, दुमडते, आणि रापीची धार थोडी जरी उतरली तरी कापले जाण्याऐवजी फाटते. पिशव्या आणि पाकिटे बहुतेक याच दुसऱ्या जातीच्या चामड्याची होतात, आणि माझी अडचण तिथेच होती.

हाताने केलेले काम श्रेष्ठ असते अशी माझी पक्की समजूत होती. आप्पांची नव्हती. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला तीस वर्षांच्या रापीने कायमची सूज आणली होती, आणि ज्या कामामुळे गावात त्यांना वेगळे बसवले जात असे त्या कामाचा गौरव करण्याची घाई त्यांना कधीच नव्हती. एका संध्याकाळी मी पिशवीच्या पट्ट्यांचा ढीग समोर घेऊन तासत बसले असताना ते म्हणाले, "अगं, हातानं तासलेलं गिऱ्हाइकाला दिसत नाही. जाड राहिलेलं तेवढं दिसतं. मशीन घे." मी त्यांचे ऐकले, पण ऐकण्यात घाई केली.

पहिली मशीन मी जुनी घेतली. विकणाऱ्याने तिला नवा हिरवा रंग दिला होता, खाली नवीन लोखंडी टेबल होते, आणि त्याने स्वतःजवळचा मध्यम जाडीचा, ना फार मऊ ना फार कडक असा एक तुकडा माझ्यासमोर सरसर छिलून दाखवला. गाळ्यावर आणल्यावर त्याच मशीनने बकरीचे अस्तराचे चामडे चुरगाळून गिळले आणि पट्ट्याचे ३ मिलिमीटरचे चामडे पायऱ्यापायऱ्यांनी छिलले, म्हणजे बोटभर जागा नीट, पुढची बोटभर जाड, पुन्हा नीट. पंधरा दिवस मी स्वतःच्या हातांना दोष देत राहिले. शेवटी धारावीहून मिस्त्री आले, त्यांनी समोरचे झाकण काढले आणि बॅटरीचा उजेड आत टाकून मला वाकून पाहायला सांगितले. सुरी झिजत झिजत शेवटाला आली होती आणि चामडे ओढणाऱ्या रोलरला एका जागी बोटाच्या नखाएवढा खळगा पडला होता. "ताई, रंग बघितलात, सुरी नाही बघितलीत," एवढेच ते म्हणाले. सुरी आणि रोलर बदलायचा खर्च मशीनच्या किमतीच्या मानाने इतका होता की ती मशीन मी सुट्या भागांच्या भावात देऊन टाकली.

मिस्त्रींनी त्या दिवशी तासभर बसून जे समजावले तेवढे आधी कळले असते तर ती खरेदी झालीच नसती. या मशीनची सुरी पात्यासारखी नसते. ती पोकळ, घंटेच्या आकाराची असते आणि आडवी फिरते. धार तिच्या उघड्या तोंडाच्या काठाला असते. चामडे मांसाची बाजू खाली करून आत सरकवायचे, वरून त्याला एक लहान पाय दाबून धरतो, खालून रोलर ओढतो, आणि या दोघांच्या मधोमध फिरणारी धार खालचा थर अलगद वेगळा करते. राहिलेले चामडे सुरीच्या वरून बाहेर येते आणि छिललेली फीत सुरीच्या पोकळीत जाते. पाय आणि धार यांच्यात जेवढे अंतर, तेवढी जाडी उरणार. पायाला जेवढा कल दिला, तेवढी छिलाई उतरती होणार. आणि बाजूची पट्टी जितकी मागे सरकवली, तितकी छिलाई रुंद. सगळी मशीन म्हणजे ही तीन मापे ठरवणाऱ्या तीन स्क्रूंचे आपापसातले नाते आहे, आणि त्यातला एक हलवला की दुसऱ्या दोघांकडे पुन्हा पाहावे लागते.

दुसऱ्या वेळी मी मशीन पाहायला गेले ती स्वतःच्या चामड्याचे तीन तुकडे पिशवीत घेऊन: बकरीचे ०.७ मिलिमीटरचे अस्तर, म्हशीचे १.४ मिलिमीटरचे क्रोम चामडे आणि पट्ट्याचे ३ मिलिमीटरचे कडक चामडे. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर माझ्या कामात म्हशीचे चामडेच अधिक आले, आणि म्हशीच्या चामड्याचे तंतू भरड असतात, त्यामुळे बोथट सुरी त्यावर लगेच उघडी पडते. दुकानदाराने त्याचा तुकडा पुढे केला तेव्हा मी तो नम्रपणे बाजूला ठेवून माझे तीन पुढे केले. मशीन घ्यायला निघालेल्या कोणालाही मी हेच सांगेन, आणि बाकीचे सांगणे विसरले तरी चालेल.

जर्मन फोर्च्यूना आणि जपानी निप्पी या दोन्ही मशीनांवर मी थोडे काम करून पाहिले आहे. त्यांच्या स्क्रूंची हालचाल इतकी मऊ आणि नेमकी असते की केसाएवढा फरक बोटांना जाणवतो, आणि ज्याला परवडेल त्याने त्या जरूर घ्याव्यात. मी मात्र ८०१ या नमुन्याची मशीन घेतली, जी अनेक कारखाने बनवतात. तिचे स्क्रू तितके नेमके नाहीत, पण तिची सुरी, रोलर, पाय आणि पट्टा धारावीत सकाळी गेले की दुपारपर्यंत हातात मिळतात. सायन स्टेशनवर उतरून चालत जायचे, वस्तू पिशवीत टाकायची आणि धीम्या लोकलने ठाण्याला परत यायचे. ऑर्डर अडलेली असताना परदेशातून येणाऱ्या रोलरची वाट पाहणे माझ्यासारख्या लहान गाळ्याला झेपत नाही.

मोटरीबाबत मात्र मी काटकसर केली नाही. जुन्या पद्धतीची क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत घुमत राहते आणि एका लहान गाळ्यात चार माणसे दिवसभर तो आवाज ऐकत बसतात. सर्वो मोटर शांत असते आणि वेग कमीजास्त करता येतो, पण एकाच मोटरीवर सुरी आणि रोलर दोन्ही चालत असतील तर वेग कमी केला की सुरीही मंदावते आणि मंद सुरी मऊ चामडे कापण्याऐवजी ढकलते. म्हणून सुरीला एक आणि रोलरला दुसरी, अशा दोन मोटरी घेतल्या. सुरी पूर्ण वेगाने फिरत असताना चामडे गोगलगाईच्या गतीने पुढे नेता येते, आणि नवीन मुलगी शिकत असताना याचे मोल कळते. रोलर दोन घेतले: रोजच्या कामाला कुरुंदाच्या दगडाचा, आणि कडक पट्ट्यांसाठी दात असलेला लोखंडी. चिकटणाऱ्या, मखमली चामड्यासाठी चाक असलेला पाय निराळा लागतो. तो वर्षातून दोनदाच निघतो, पण त्या दोन वेळी त्याच्यावाचून काम होत नाही.

रोज सकाळी मशीन लावण्यात दहा मिनिटे जातात आणि ती मी कोणालाही देत नाही. आदल्या दिवशीची फीत आणि भुसा ब्रशने काढायचा, सुरीवर बोटाने तेलाचा पुसट हात फिरवायचा, आणि आजच्या कामाचेच, त्याच चामड्याच्या त्याच भागातले एक कातरण घेऊन ते छिलून पाहायचे. पोटाकडचे चामडे सैल असते आणि पाठीचे घट्ट. पाठीच्या कातरणावर मशीन लावून पोटाचा तुकडा घातला तर तो हमखास ताणला जातो. छिललेले कातरण मी आधी दोन बोटांत धरून दुमडते, घडीवर अंगठा दाबते, आणि नंतरच जाडी मोजायच्या गेजमध्ये घालते. बोटांना जे कळते त्याचा आकडा किती आहे हे गेज सांगतो, म्हणजे उद्या तो आकडा वहीत पाहून पुन्हा तिथे पोचता येते. माझ्या वहीत प्रत्येक पाकिटाच्या नमुन्यापुढे चामडे, रुंदी, उरलेली जाडी आणि पायाचा कल लिहिलेला आहे, आणि त्या वहीच्या पानांवर चिकटवायच्या सोल्यूशनचे इतके डाग आहेत की काही पाने वेगळी करताना जपावे लागते.

सुरी बोथट होत आली की ती आधी आवाजाने सांगते. धार चांगली असताना एक अखंड, बारीक सुस्कारा ऐकू येतो. धार उतरली की त्यात खरखर मिसळते, आणि फितीऐवजी तुकडे पडू लागतात. मशीनमध्येच कुरुंदाचे एक लहान चाक बसवलेले असते. मोटर चालू ठेवून त्याची घुंडी अगदी थोडी फिरवली की चाक सुरीला टेकते आणि लालसर ठिणग्यांची एक बारीक रेघ उठते. ठिणग्या दिसल्या की थांबायचे, पाच श्वास मोजायचे, घुंडी मागे घ्यायची. त्यानंतर धारेच्या काठावर धातूची केसाएवढी वळलेली किनार उरते, तिला बर म्हणतात, आणि ती हातातल्या गुळगुळीत दगडाने हलकेच पुसून काढावी लागते. बर तशीच राहिली तर धार लावूनही चामड्यावर ओरखडे येतात. जास्त वेळ चाक लावले तर सुरी विनाकारण झिजते, आणि प्रत्येक वेळी ती जितकी झिजेल तितकी ती पायाच्या दिशेने पुढे आणावी लागते. पहिल्या मशीनच्या सुरीचे कोणा अनोळखी माणसाच्या हाताने हेच झाले होते, दिवसातून चार चार वेळा, घाईघाईने.

धार लावायला मी पहिली दोन वर्षे मिस्त्रींनाच बोलावत असे. ते दर आठवड्याला येऊ शकत नसत, आणि मधल्या दिवसांत मी बोथट सुरीवर काम रेटत असे. त्या काळातली पाकिटे मला आज लांबून ओळखता येतात. मशीन घरात आली म्हणजे छिलाई आली असे मी समजत होते, आणि छिलाई खऱ्या अर्थाने आली ती स्वतःच्या हाताने धार लावायला शिकल्यावर. विकत घेताना कोणी हे सांगत नाही, कारण दुकानात मशीन नेहमी नुकतीच धार लावून ठेवलेली असते.

ठाण्याचा पावसाळा या सगळ्यावर दरवर्षी पाणी फिरवतो. जुलैत येऊरच्या डोंगरावर ढग टेकले की चामडे हवेतला ओलावा पिते, फुगते, आणि मेमध्ये वहीत लिहिलेले आकडे लागू पडेनासे होतात. बाभळीत कमावलेले चामडे यात सर्वांत पुढे. त्या दिवसांत मी चामडे आदल्या रात्री आत दिवा लावलेल्या कपाटात ठेवते आणि सुरीला जाड तेल लावून तिच्यावर फडके गुंडाळते, कारण एका रात्रीत तिच्यावर आलेला गंजाचा ठिपका दुसऱ्या दिवशी प्रत्येक तुकड्यावर एक बारीक रेघ बनून उमटतो.

तीन गोष्टी मी गाळ्यात कडकपणे पाळायला लावते. मशीनवर बसणाऱ्या मुलीची ओढणी खोचलेली आणि केस बांधलेले असले पाहिजेत, आणि बटण बंद केल्यावरही सुरी काही वेळ फिरत राहते हे लक्षात ठेवून ती पूर्ण थांबेपर्यंत आतला भुसा काढायला हात घालायचा नाही. आणि क्रोम चामड्याचा तो भुसा शेकोटीत जाळायचा नाही, थंडीच्या दिवसांत बाहेरच्या वॉचमनने कितीही मागितला तरी. जळताना त्यातला क्रोमियम विषारी रूप घेऊ शकतो. तो पोत्यात भरून वेगळा द्यावा लागतो.

आप्पांना आता दिसत कमी, पण ते आठवड्यातून एकदा कोपरीहून रिक्षाने गाळ्यावर येतात. मशीनजवळ बसत नाहीत. त्यांच्यासाठी कोपरे राखून ठेवलेले असतात, कारण गोल कोपऱ्याची कड वळवताना जिथे चुण्या पडतात तिथे प्रत्येक चुणीच्या मुळाशी चामडे निराळ्या मापाने पातळ करावे लागते, आणि तेवढ्या जागेत घंटेची सुरी पोचत नाही. त्यांचा जुना दगड खिडकीशी ठेवलेला आहे. ते पाकिटाचा कोपरा अंगठ्याने चाचपतात, रापी आडवी धरतात आणि एक, दोन, फार तर तीन वेळा ती फिरवतात. मागच्या गुरुवारी त्यांनी मशीनवर छिललेला एक काठ बोटांत धरून बराच वेळ चोळला आणि विचारले, "याला धार कुणी लावली?" मी म्हटले, "मीच." त्यांनी तो तुकडा बाजूच्या ढिगावर ठेवला आणि पुढचा कोपरा मागितला.